दहा पावलांचं विमान

थॉर्नबेक, यॉर्कशायर
रविवार, ११ मार्च १९७९

सेसिल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. अर्नल्ड म्हणाला, खोड. खाडाखोड केलेलं पत्र पाठवायची आपल्या घराची रीत नाही, म्हणून हा कागद दुसरा.

तो पाठीमागे उभा राहून वाचतोय, तेव्हा मुद्द्याचं तेवढं लिहिते. विमानखात्याचं पत्र आलं आहे. 'आपल्या कारखान्यात तयार होणारं इंजिनाचं हँग ग्लायडर माणसाच्या पायांवर उडत नसून चाकांवर उडतं, अशी तक्रार आमच्याकडे आली आहे.' शुक्रवारी, सहा एप्रिलला निरीक्षक येणार. त्यांच्यासमोर अर्नल्डने मशीन खांद्यावर घेऊन धावायचं आणि उडायचं. उडाला तर ते हँग ग्लायडर, म्हणजे कायद्याच्या लेखी मोठा पतंग. नाही उडाला तर ते विमान. आणि विमान म्हटलं की परवाना, तपासणी, चाचण्या, शिक्के. आमच्यासारख्या गिरणीच्या माळ्यावरच्या कारखान्याला त्याच दिवशी कुलूप.

तुला सांगायला नको, मिसेस मेटकाफच्या कुरणात रविवारी जमणारे सगळे चौदाच्या चौदा जण चाकांवरच उडतात. चाकं 'नुसती ढकलायला' लावलेली. आधी दहा पावलं टाकायची, मग बुड टेकायचं, मग इंजिन वाढवायचं. ती दहा पावलं म्हणजे आमची कायद्याला दिलेली सलामी. रस्त्यावर परकी मोटार दिसली की सगळे आपापल्या पंखाखाली उभे राहून जागच्या जागी धावायला लागतात. गेल्या महिन्यात पाव पोचवणाऱ्याच्या गाडीसाठी धावले.

तर तक्रार. ती कुणीतरी निनावी केली आहे, छापील अक्षरांत. खात्याने नक्कल जोडली आहे. तिच्यात लिहिलंय की चाकांचा आस कोंबड्यांच्या खुराड्याच्या गाडीवरून काढलेला आहे. अर्नल्डने बोटं मोजली. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक. एक तो स्वतः. दुसरा तू, कारण तूच तो आस कापलास. तिसरी मी, पण बायकोला तो मोजतच नाही. उरला कोण?

अर्नल्ड म्हणतो, लिही: पंखाचं रेखाटन तुझं असलं तरी कारखाना माझा आहे. ऑक्टोबरात तू भांडून गेलास, पंखाचा पहिला सांगाडा उचलून नेलास, मी गप्प राहिलो. पण घरातला माणूस, बायकोचा सख्खा भाऊ, चुगली करतो म्हणजे हद्द झाली. लिहिलं.

तो चहा टाकायला गेला. तुझी पाठ कशी आहे? त्या जुन्या धावपट्टीवर कॅरव्हॅनमध्ये राहतोस, लिंकनशायरचा वारा थेट समुद्रावरून येतो. लोकरीचा पट्टा बांधत जा.

आला.

केलंस ते बरं केलं नाहीस.

मेव्हिस

*

थॉर्नबेक
सोमवार, १९ मार्च

सेसिल,

तुझं उत्तर मिळालं. 'मी लिहिलेलं नाही.' एवढंच, खाली सही. अर्नल्डने कागद उजेडाला धरून पाहिला, उलटा करून पाहिला. म्हणाला, निर्दोष माणूस चार ओळी तरी लिहितो. तू चार लिहिल्या असत्यास तर म्हणाला असता, दोषी माणूस फार बोलतो.

झोपेतून उठला की त्याला कुणीतरी नवा संशयित सापडतो. मंगळवारी मिसेस मेटकाफ होती, कारण तिच्या मेंढ्या इंजिनाला बिचकतात. बुधवारी दूधवाला. पण मूळ संशय तुझ्यावरच, बाकीचे तोंडी लावायला. पुरावा गोळा करायला त्याने चॅपलच्या छपरासाठी सोडत काढली आहे. तिकीट घेणाऱ्याने स्वतःचं नाव छापील अक्षरांत लिहायचं. संध्याकाळी तो ती तिकिटं आणि तक्रारीची नक्कल भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवतो. चॅपलचं छप्पर मात्र खरंच होणार असं दिसतंय. सोडतीची पाटी मी लिहिली, दारावर टांगली आहे, चांगली हातभर अक्षरं. तिच्याखालीच खुर्ची टाकून तो लोकांची अक्षरं तपासतो.

कुरणातही वारं फिरलंय. पूर्वी एकमेकांचे बोल्ट घट्ट करून द्यायचे. आता प्रत्येक जण आपलं मशीन झाकून ठेवतो आणि दुसऱ्याची चाकं मोजतो. रविवारचं चित्र: चौदा माणसं, चौदा थर्मास, आणि प्रत्येकाची पाठ दुसऱ्याकडे.

अर्नल्ड रोज सकाळी धावायचा सराव करतो. सोळा स्टोन वजनाचा देह, डावा गुडघा क्रिकेटमध्ये गेलेला, वर इंजिनासकट मशीन. पहिल्या दिवशी सात पावलांवर तोंडघशी पडला. दुसऱ्या दिवशी नऊ. मिसेस मेटकाफ कुंपणावर कोपर टेकून बघत होती. म्हणाली, "आमचा बैल पण असाच पळायचा, मिस्टर आउथवेट. शेवटी विकला." तेव्हापासून तिचं नाव यादीत वर गेलं आहे.

तुझ्या त्या लॉरीचं काय झालं? अर्नल्डला ऐकायचं नाही, मला उगाच कुतूहल. सांगाडा लॉरीच्या टपावर बसवून धावपट्टीवर पळवायचा, आणि पंख नाक वर काढतो की खाली घालतो ते काट्यावर वाचायचं, असं तू म्हणायचास. काटा लागला का? उत्तर लिहिलंस तर चॅपलच्या पत्त्यावर लिही. तिथे मी बुधवारी फुलं ठेवायला जाते.

मेव्हिस

*

चॅपल, थॉर्नबेक
सोमवार, २ एप्रिल

सेसिल,

हे पत्र मीच टपालात टाकणार आहे, त्यामुळे वाचायला मागे कुणी नाही. हात जरा अवघडतोय. देखरेखीत लिहायची सवय झाली आहे.

तुझं पत्र चॅपलमध्ये मिळालं. काटा लागला, पण सांगाड्याला कापड नाही, आणि कापड माझ्याखेरीज कुणी शिवत नाही. ते मला माहीत आहे. मला आणखीही एक माहीत आहे, ते सांगते.

गॉर्डन टॅटरसॉल मशिनासकट पडून गेला त्याला सहा महिने झाले. तू म्हणालास, खडबडीत हवेत पंख क्षणभर सैल पडला, मागून वरच्या बाजूने इंजिनाने रेटा दिला, नाक खाली गेलं आणि पंख कोलांटी खाऊन उलटला. अर्नल्ड म्हणाला, गुरांचा डॉक्टर तो, वळणं घ्यायची अक्कल नव्हती. चौकशीत लिहिलं गेलं, चालकाची चूक. तू म्हणालास, लॉरीवर तपासल्याशिवाय एकही मशीन विकायचं नाही. अर्नल्ड म्हणाला, गिऱ्हाईक थांबत नाही. तू गेलास. मी दोघांच्या मधे चहा ठेवला आणि गप्प बसले. माझी तेवढीच कामगिरी.

फेब्रुवारीत त्याची बायको जोआन आली. बटाट्याच्या पोत्यात गॉर्डनच्या पंखाचं कापड, ते शीड, कोंबून आणलं होतं. विचारत होती, मुलांना यातून तंबू शिवून देशील का. चांगलं कापड आहे, फेकवत नाही.

मी ते गिरणीच्या फरशीवर पसरलं. फाटलेलं फारसं नव्हतंच. मग पंखाच्या कडेची नळी जाते तो कप्पा पाहिला. तुला माहीत आहे, तो मी दोन्ही बाजूंनी शिवते, तिहेरी नागमोडी टाका. उडताना वारा खालून ढकलतो, नळी वर वाकते, म्हणून पंख मोडला की कप्प्याच्या खालच्या बाजूचे टाके ओढले जातात. जुनी तीन शिडं मी दुरुस्त केली आहेत, तिन्हींत तसंच. गॉर्डनच्या शिडात खालचे टाके काल घातल्यासारखे. वरचे ओढले गेले होते, इकडून तिकडे, दोन्ही पंखांत. म्हणजे मोडला तेव्हा वारा वरून येत होता. सरळ उडणाऱ्या पंखावर वारा वरून येत नाही. वळणावर पण नाही.

तो आधी उलटला, मग मोडला.

मी अर्नल्डला बोलावून दाखवलं. त्याने वाकून पाहिलं. म्हणाला, "मेव्हिस, तू टाके घाल. उडण्याचं आम्ही बघू."

नऊ मशिनांची मागणी आहे. नऊ शिडं मी शिवायची. शिवाय दर रविवारी तो स्वतः त्याच पंखाखाली बसतो, हवा कशीही असली तरी, कारण तू म्हणालास उडू नकोस.

समज, एखाद्या माणसाने खात्याला तसं पत्र लिहिलंच असेल, तर त्याच्या मनात चुगली नसेलही. त्याला वाटलं असेल, सोळा स्टोनचा, अधू गुडघ्याचा माणूस साहेबासमोर धावू शकणार नाही. मग खातंच तपासणी मागेल. बायकोचं ऐकत नाही तो सरकारचं ऐकेल. मी नुसतं समज म्हणतेय.

मेव्हिस

*

थॉर्नबेक
शनिवार, ७ एप्रिल

सेसिल,

तो उडाला.

कसा ते ऐक. निरीक्षक फॉदरगिल म्हणून होते, बारीक, रेनकोटवाले, सर्दी झालेली. काल दुपारी दोनला यायचे, दीडलाच आले. सकाळपासून हवा अगदी गप्प होती. मी खिडकीतून चिमणीचा धूर बघत होते, सरळ काठीसारखा. मनातल्या मनात म्हटलं, असाच राहा. निरीक्षकांना चहा दिला, आल्याचा केक दिला, दुसरा चहा दिला. तेवढ्यात दरीतून वारा सुटला. माझ्याच केकने घात केला बघ. पहिल्या चहानंतर उठले असते तर अर्नल्ड नवव्या पावलावर पडला असता.

कुरणात चौदाही जण हजर. महिनाभर एकमेकांकडे पाठ करून बसलेले, काल खांद्याला खांदा लावून उभे. आणि सगळे पायी आले होते. चाकं मेंढ्यांच्या गोठ्यात, गवताखाली. फॉदरगिल गोठ्यावरून गेले. एक मेंढी आसावर उभी होती.

अर्नल्डने मशीन उचललं. इंजिन फडफडायला लागलं. समोरून असा वारा की त्यात खुराडंही उडालं असतं. तो धावला. मी पावलं मोजली. सहा. सहाव्यालाच पाय सुटले. वर गेला, कुरणाला एक फेरी मारली आणि उतरला तोही पायांवर, गुडघ्यावर हात ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा. चौदा जणांनी टोप्या उडवल्या.

फेरीत कुंपणापाशी त्याचा पंख एकदा सैल पडला. बाकी कुणाला ऐकू आलं नसेल, कापड फटकन वाजलं. नाक खाली गेलं, मग वर आलं. मी तेवढा वेळ काही मोजलं नाही.

फॉदरगिलांनी वहीत लिहिलं: पायांनी उडतं, पायांनी उतरतं. सही केली. जाताना मी त्यांना गाठलं. विचारलं, पंख सुरक्षित आहे की नाही ते कोण बघतं? ते नाक पुसून म्हणाले, "बाई, ते विमान असतं तर आम्ही बघितलं असतं. हे विमान नाही असं आत्ताच सिद्ध झालं."

म्हणजे माझ्या पत्राने एवढं साधलं. आता सरकारचा कागद आहे की ह्याच्यात आम्ही लक्ष घालणार नाही. अर्नल्ड तो चौकटीत लावतोय.

माझ्या पत्राने, हो. मीच लिहिलं. चॅपलमध्ये बसून, स्तोत्रांच्या पुस्तकावर कागद ठेवून. कोंबड्यांच्या गाडीचा आस मुद्दाम घातला, खात्याला खरं वाटावं म्हणून. तो तुझ्यावर शेकेल हे लिहिताना डोक्यात आलं नाही. नाही, खोटं कशाला, आलं होतं. म्हटलं, सेसिल लांब आहे, त्याचं काय बिघडतंय. अर्नल्डने माझ्यावर संशय घेतला असता तर मी लगेच कबूल केलं असतं, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. त्याने घेतला नाही. याचा मला राग यायला हवा होता की हायसं वाटायला हवं होतं, अजून ठरत नाही.

रात्रीच्या जेवणाला चौदाही जण होते. अर्नल्डने पेला उचलला आणि सगळ्यांसमोर तुला मोठ्या मनाने माफ केलं. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

मंगळवारपासून तो मागणीच्या नऊ मशिनांना हात घालणार आहे.

मेव्हिस

*

थॉर्नबेक
मंगळवार, १० एप्रिल

सेसिल,

आज न्याहारीला सांगितलं. तो सॉसेज कापत होता. मी म्हटलं, "अर्नल्ड, खात्याला पत्र मी लिहिलं."

तो कापत राहिला. "कुठलं पत्र?"

"तक्रारीचं. सेसिलने नाही. मी."

त्याने माझ्याकडे बघितलं, जसं सोडतीत पहिला नंबर लागलेल्या म्हातारीकडे बघतात. "तुझ्या भावाने हे बोलायला सांगितलं तुला."

मी म्हटलं, दारावरची पाटी बघ, माझं अक्षर बघ, नक्कल शेजारी धर. उठला बिचारा, भिंग घेऊन गेला. बराच वेळ उभा होता. मला वाटलं, झालं. परत येऊन बसला, टोस्टला लोणी लावलं आणि म्हणाला, "हुबेहूब आहे. त्याने तुझं अक्षर गिरवलं. लहानपणी एकाच पाटीवर शिकलात तुम्ही."

मग मी जोआनचं, टाक्यांचं, शुक्रवारी कुंपणापाशी वाजलेल्या कापडाचं, सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकत होता. कुंपणाचं नाव निघालं तेव्हा त्याची सुरी थांबली. त्यालाही जाणवलं होतं, सेसिल, त्याच्या तोंडावर आलं. म्हणाला, "तो झोत होता." मी म्हटलं, गॉर्डनलाही झोतच होता. तो म्हणाला, "गॉर्डनचं नाव या टेबलावर घ्यायचं नाही," आणि उठून गिरणीत गेला. सॉसेज अर्धं टाकून. बत्तीस वर्षांत त्याने ताटात काही टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

तो बोल्ट मोजत बसला तेवढ्या वेळात मी त्याच्या मशिनाचं शीड उतरवलं. मला शीड उतरवताना कुणी हटकत नाही, दुरुस्तीला नेते असंच वाटतं. त्याचं एक, गॉर्डनचं एक. दोन्ही चॅपलमध्ये फुलांच्या कपाटात आहेत. शिवणयंत्राची सुई काढून पर्समध्ये ठेवली. कापलेलं कापड तसंच ठेवलं आहे, बघू दे त्याला स्वतः टाके घालून.

तुझ्याकडे सांगाडा आहे, कापड नाही. त्याच्याकडे सांगाडे आहेत, आता शिवलेलं शीड नाही. म्हणून शिडं घेऊन मीच येते. गॉर्डनचं चढवू, टाके मी त्याच रिळाने नीट करून आणते. पळवू लॉरीवर.

अर्नल्डला टेबलावर चिठ्ठी ठेवेन. शिडं मी नेली, सेसिलने नाही, काट्यावर घालायला नेली, असं. खाली नाव, आडनाव, माहेरचं आडनावसुद्धा. तरी तो पोलिसात तुझंच नाव देईल. तयारीत राहा.

पण एक सांगून ठेवते. मी तुझ्या बाजूने येते आहे असं समजू नकोस. तुझं रेखाटन आहे. त्यात खोट निघाली तर ती आधी तुझी आहे, मग त्याची. आणि खोट निघाली नाही तर तू सहा महिने एका माणसाला उगाच मारेकरी म्हणत होतास. दोन्हींपैकी कुठलं खरं ते मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही. पंखाने नाक वर काढलं तर मी परत जाऊन नऊ शिडं शिवेन आणि अर्नल्डची क्षमा मागेन, सगळ्या चौदा जणांसमोर. खाली घातलं तर काट्याचा फोटो काढून चौदा घरी आणि नऊ गिऱ्हाइकांकडे स्वतः नेऊन देईन. नववं गिऱ्हाईक ब्रॅडफर्डची एक शाळामास्तरीण आहे, तिच्यापासून सुरुवात.

गुरुवारी येते, ईस्टरच्या सुटीची गर्दी असेल. माझी गाडी लिंकनला चार वाजून दहा मिनिटांनी पोचते. दोन बोचकी आहेत, लॉरीच घेऊन ये. आणि आधी तिथे खुडबुड करून ठेवू नकोस. काटा शून्यावर आहे की नाही, ते मी आल्यावर माझ्या डोळ्यांनी बघणार आहे.

मेव्हिस